चंद्रकांता आणि चपला

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची नात मोहोळला आली होती. यंदा अकरावीला गेली आहे. हातात मोबाईल, कानात वायर. एके दुपारी तिनं कानातली वायर काढली आणि आम्हाला विचारलं, "आजोबा, मम्मी म्हणते तुम्ही सगळे चंद्रकांता बघायचा आणि ती लई भारी लव्हस्टोरी होती. मी चार भाग बघितले. यात लव्हस्टोरी कुठंय? नुसती भुवया रंगवलेली माणसं ओरडतात."

आम्ही काही बोललो नाही. पण खरं सांगायचं तर मनाला लागलं. आमच्या ऐन उमेदीतल्या रविवारांना कुणी असं एका वाक्यात निकालात काढावं? रात्री अंथरुणावर पडल्यावर मुलांच्या आईला ही गोष्ट सांगितली तर ती हसली आणि म्हणाली, "तिला चुकीचं माणूस बघायला सांगितलंय तुमी." ती असं का म्हणाली ते सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे त्यांना ते दिवस सांगायला नकोत. सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्याकडचीही माणसं त्यानंतर कित्येक रात्री अंगणात झोपली. पुढं १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि वस्तीनं दिवाळीसारखे दिवे लावले. त्याच १९९४ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'चंद्रकांता' सुरू झाली. आमच्या वस्तीत तेव्हा मोजून तीन टीव्ही. त्यातला एक बिघडलेला, एक अशा घरात जिथं दार आतून लावून घेत, आणि तिसरा एका मास्तरांच्या घरी. मास्तर मोठ्या मनाचे. ते टीव्ही उचलून दारातल्या स्टुलावर ठेवत. पुढं पोरं, मागं बायका, त्यांच्यामागं उभे आम्ही पुरुष, आणि पत्र्यावर एक पोरगा ॲंटेना धरून. "आलं का?" "आलं, आलं!" "गेलं!" हा संवाद चालूच.

रविवारी सकाळी विहारात वंदना असे. मालिका सुरू झाली आणि वंदनेला माणसं पातळ होऊ लागली. वडीलधारी मंडळी रागावली. "बाबासाहेबांनी तुम्हाला शिका म्हणून सांगितलं, जादूटोणा बघा म्हणून नाही," असं एका ज्येष्ठांनी ठणकावलं. शेवटी तोडगा निघाला. वंदना लवकर घ्यायची आणि मग सगळ्यांनी मिळून मास्तरांच्या दारात जायचं. चौथ्या-पाचव्या रविवारी आम्ही बघतो तर ते ठणकावणारे ज्येष्ठच सगळ्यांत पुढं, खुर्ची टाकून.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. विजयगडची राजकन्या चंद्रकांता, नौगडचा राजपुत्र वीरेंद्रसिंह. दोघांचं एकमेकांवर प्रेम, आणि दोन घराण्यांत वैर. विजयगडच्या दरबारात मंत्र्याचा मुलगा क्रूरसिंह. त्याला चंद्रकांता हवी आणि तिच्याबरोबर गादीही हवी. पलीकडं चुनारगडचा राजा शिवदत्त, त्यालाही चंद्रकांताच हवी. आणि या सगळ्यांच्या पदरी ऐयार. ऐयार म्हणजे वेश पालटणारे, माणूस बेशुद्ध करून गाठोड्यात बांधून नेणारे, दोराच्या शिडीनं किल्ल्यावर चढणारे हेर. शिवाय तिलिस्म म्हणजे गुप्त खजिन्याचा भुलभुलैया. त्यात जो अडकला तो अडकला.

मालिका केली नीरजा गुलेरी यांनी. मूळ कादंबरी देवकीनंदन खत्री यांची, १८८८ च्या सुमाराची. हे खत्री म्हणजे काही राजवाड्यात वाढलेले पंडित नव्हते. बनारसजवळच्या चकिया आणि नौगडच्या जंगलांचे ठेके त्यांच्याकडं होते. त्या रानातले पडके किल्ले, गुहा, भुयारं बघत ते हिंडले आणि त्यातून ही कथा त्यांना सुचली. हिंदी वाचता यावं म्हणजे चंद्रकांता वाचता येईल, एवढ्यासाठी त्या काळी पुष्कळ लोक हिंदी शिकले असं सांगतात. पुस्तकातली गावंही खोटी नाहीत. विजयगडचा किल्ला उत्तर प्रदेशात सोनभद्र जिल्ह्यात आहे, नौगड चंदौली जिल्ह्यात, आणि चुनार मिर्झापूर जिल्ह्यात गंगेच्या काठी. आम्ही रेल्वेतले. पहिल्यांदा वेळापत्रकाच्या पुस्तकात 'चुनार जंक्शन' ही अक्षरं दिसली तेव्हा अंगावर काटा आला होता. शिवदत्ताच्या गावाला गाडी जाते!

नटमंडळीही एकेक. चंद्रकांता शिखा स्वरूप, वीरेंद्र शाहबाज खान. हे शाहबाज म्हणजे गवई उस्ताद अमीर खाँ यांचे चिरंजीव, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शिवदत्त झाले होते पंकज धीर. त्याआधी महाभारतात ते कर्ण होते, आणि कर्णावर आमच्या वस्तीचा भारी जीव. त्यामुळं शिवदत्त कितीही दुष्ट वागला तरी बायका त्याला मनापासून शिव्या देईनात. आपल्या वर्षा उसगावकर रूपमती झाल्या होत्या. बद्रीनाथ आणि सोमनाथ अशा दोन भूमिका एकटा करणारा तो उंच, मोठ्या डोळ्यांचा मुलगा पुढं इरफान खान म्हणून जगभर गाजला आणि २०२० साली गेला. पण वस्तीत खरा मान क्रूरसिंहाला. अखिलेंद्र मिश्र यांनी त्याचं जे काही केलं त्याला तोड नाही. त्या वर जाणाऱ्या भुवया, ती चाल, आणि उठता बसता "यक्कू!" गल्लीतलं प्रत्येक पोर यक्कू. हा यक्कू आमच्या घरात पुढं कसा उलटला ते पुढं येईलच.

आता मुद्द्याचं. आम्ही तेव्हा रेल्वेच्या फाटकावर गेटमन होतो. ड्युटी पाळीची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीचा आठवडा असला की सकाळी घरी येऊन, डोळे चोळत, आम्ही चंद्रकांता बघत असू. दिवसपाळी असली की रविवार बुडाला. फाटकावर टीव्ही कुठला? एक हातानं फिरवायचा फोन, दोन झेंड्या, एक हातबत्ती आणि समोर रूळ. नेमका ज्या रविवारी वीरेंद्र कैदेत पडे त्या रविवारी आम्ही मालगाडीला हिरवी झेंडी दाखवत उभे असू.

मग संध्याकाळी घरी आल्यावर मुलांची आई आम्हाला भाग सांगे. ती चौथीपर्यंत शिकलेली. दिवसभर रोजानं खुरपायला जायची. चुलीपुढं भाकरी थापता थापता ती सांगू लागे. (भाकरी अर्थात मालदांडीची. ही मालदांडी ३५-१ आमच्या मोहोळच्याच ज्वारी संशोधन केंद्रात निवडलेली, हे जाता जाता अभिमानानं सांगतो.) सगळ्यांचे आवाज काढी. क्रूरसिंहाला जाड आवाज, राजाला खोकला, घोड्याला काटवटीवर बोटं. तव्यावर भाकरी टाकली की कथा थांबे. "आन् मग?" आम्ही विचारू. "थांबा की वो. उलटू दे." भाकरी उलटली की कथा पुढं. कधी कधी तर पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग दुसऱ्या कुणाकडून ऐकला की कळे, तिनं निम्मं मनानंच घातलं आहे. आम्ही तक्रार केली नाही. खरा भाग बघण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकलेला आम्हाला जास्त आवडे, हे आज तिसाहून अधिक वर्षांनी कागदावर कबूल करतो.

तिच्या सांगण्यात एक गोष्ट आमच्या हळूहळू लक्षात आली. चंद्रकांता तिच्या कथेत फार येईना. आली तरी "ती रडत बसली" एवढ्यात आटपे. सगळी कथा फिरे ती चपलेभोवती.

आता चपला म्हटल्यावर तुम्ही हसणार. आमची वस्तीही हसली. पहिल्यांदा पडद्यावर कुणीतरी "चपला! चपला!" अशी हाक मारली तेव्हा अर्ध्या माणसांनी दाराकडं बघितलं, कुणी पळवल्या की काय म्हणून. पण चपला म्हणजे वीज. ती चंद्रकांतेची मैत्रीण, आणि स्वतः ऐयार. वेश पालटायला येतो, लढायला येतं, शत्रूच्या ऐयाराला ओळखून बांधून घालायला येतं. आणि तिचं मन आहे तेजसिंहावर. हा तेजसिंह वीरेंद्राचा जिवाभावाचा मित्र आणि त्याचा ऐयार. राजपुत्राचं राजकन्येवर, राजपुत्राच्या ऐयाराचं राजकन्येच्या ऐयारणीवर. वीरेंद्राचा आणखी एक ऐयार आहे, देवीसिंह, त्याचं चंपेवर. अशा या जोड्या.

"बघा," ती म्हणे, "ती दोघं राजाची लेकरं. त्यांना पिरेम करायला येळ हाय. चपला आन् तेजसिंग काम करत्यात. मालकिणीची चिठ्ठी न्या, मालकाचा निरोप आणा, ह्याला सोडवा, त्याला बांधा. आन् त्यातनंच जे काय दोन शबुद बोलायचं ते बोलत्यात. तरी बी त्यांचं पिरेम हाय का न्हाय?"

आम्ही हो म्हणालो. फाटकावर उभ्या माणसाला आणि शेतात वाकलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको होतं.

आणि नातीला आम्ही हेच सांगितलं. तू चंद्रकांता-वीरेंद्राकडं बघू नकोस. ते दोघं भेटतातच किती? आज भेट, लगेच उद्या कुणीतरी पळवून नेलं, की परत शंभर भुयारं. कादंबरीची सुरुवातच बघ. संध्याकाळची वेळ, मोकळं मैदान, वीरेंद्र खडकावर बसून आपली व्यथा सांगतोय, पण ती चंद्रकांतेला नव्हे, तर तेजसिंहाला! राजपुत्राचं प्रेम उभं आहे ते मित्राच्या पायपिटीवर. आणि त्या मित्राचं स्वतःचं प्रेम मात्र कामाच्या फटीतनं चालतं. दोघंही वेशात. कधी समोर आलेलं माणूस आपलंच आहे की शत्रूनं त्याचं सोंग घेतलंय, तेही ठाऊक नाही. ज्या जगात कुणाच्याही तोंडावर कुणाचंही तोंड बसवता येतं, तिथं आपलं माणूस ओळखायचं कशावरनं? आमच्या मते अख्ख्या चंद्रकांतेतला प्रेमाचा प्रश्न तो एवढाच आहे. बाकी तलवारी, धूर, ओरडा.

जादूटोण्याबद्दल आमच्या ज्येष्ठांनी जो आक्षेप घेतला होता त्यावरही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्या वाचकांतही तसं म्हणणारे असतील. मालिकेत नाग-नागिणी आणल्या, मंत्रतंत्र आणलं, ते आम्हालाही पटलं नव्हतं. पण मूळ पुस्तकात खत्रींनी असलं फारसं केलेलं नाही. त्यांच्या तिलिस्मात एक दगडी बगळा आहे. तो चपलेला गिळून टाकतो. वाचताना वाटतं, झालं, आता भुताटकी. पण पुढं कळतं की समोरच्या फरशीवर पाय पडला की बगळ्याची चोच उघडते, अशी ती कळ बसवलेली आहे. बेशुद्ध करायला भुकटी, शुद्धीवर आणायला हुंगायचं औषध, कुलपांना कळी, भिंतींना खटके. माणसानं केलेलं, आणि माणसालाच उकलता येणारं. हे पुस्तक लिहिणारा जंगलाचा ठेकेदार होता, बुवा नव्हता, हे पानोपानी जाणवतं. आणि आणखी एक. पकडलेल्या ऐयाराला जिवे मारायचं नाही, हा त्या पुस्तकातल्या राजांचा रिवाज. हुन्नर असलेल्या माणसाची ही कदर आमच्या ज्येष्ठांना सांगितली असती तर त्यांनाही आवडली असती. ते आता नाहीत.

मालिका १९९६ ला बंद पडली. कुणी म्हणे दूरदर्शनशी भांडण, कुणी म्हणे कोर्ट. आम्हा बघणाऱ्यांना एवढंच कळलं की एका रविवारी टीव्ही लावला आणि चंद्रकांता नव्हती. पोरं मास्तरांच्या दारात बसून राहिली. शेवट बघायला मिळाला नाही म्हणून आमची थोरली, तेव्हा बारा वर्षांची, जेवली नाही. तेव्हा तिच्या आईनं रात्री स्वतःच शेवट सांगून टाकला. वीरेंद्रानं शेवटचं कुलूप फोडलं. पण फोडून बघतो तर चंद्रकांता आत नाहीच, ती आपली आपण दुसऱ्या दारानं बाहेर आलेली. क्रूरसिंहाला मारलं नाही, त्याला जात्यावर दळायला बसवलं, रोज पायलीभर. आणि चपला-तेजसिंहानं राजाला सांगितलं, आता आमचा हिशेब करा, आम्ही आमच्या घरी जातो. "कुठं गेली ती?" थोरलीनं विचारलं. "दोन खोल्यांचं घर केलं त्यांनी, गावाच्या कडेला." पोर जेवली आणि झोपली.

आता जे लिहायचं आहे ते आमच्या कमीपणाचं आहे, पण त्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

२००५ साल. थोरली सोलापूरला डी.एड. करत होती, रोज एस.टी.नं जाऊन येऊन. त्याच वर्षी विहाराची वायरिंग नवी करायची ठरली आणि माढा तालुक्यातला एक पोरगा त्या कामावर आला. आय.टी.आय. झालेला वायरमन, एका ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर. आठ-दहा दिवसांचं काम. पुढं काय झालं ते आम्हाला सहा महिन्यांनी कळलं, आणि तेही थोरलीनं स्वतः समोर उभं राहून सांगितलं म्हणून. "आण्णा, मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

आम्ही भडकलो. पोरगा आपल्यातलाच, निर्व्यसनी, बोलायला नीट. मग अडचण काय? अडचण ही की तो पर्मनंट नव्हता. आम्ही रेल्वेतले. महिन्याच्या महिन्याला पगार, पास, पेन्शन. आमच्या मुलीनं रोजंदारीवाल्याशी लग्न करायचं? "त्याचा पगार काय?" एवढा एकच प्रश्न आम्ही घरात फिरवत राहिलो. आणि लाज वाटते लिहायला, पण पंधरा दिवस आम्ही तिचं सोलापूरला जाणं बंद केलं. कॉलेज बुडालं. आम्ही, ज्यांनी सभेत उभं राहून मुलींच्या शिक्षणावर भाषण केलेलं.

त्या पंधरा दिवसांतली एक संध्याकाळ. आम्ही ड्युटीवरनं आलो, सायकल लावली, दारात पाय ठेवला. आत धाकटा अभ्यास करत होता. आम्हाला बघून त्यानं मान खाली घातली आणि पुस्तकात बघत, अगदी हळू, म्हणाला, "यक्कू."

थोरलीला एकदम हसू फुटलं आणि मग ती रडायला लागली. आम्ही पोराला मारायला हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. मुलांची आई चुलीपुढनं उठली. पीठ लागलेले हात तसेच. ती ओरडली नाही. म्हणाली, "आवं, चपलेनं तेजसिंगाचा पगार इचारला हुता का?"

आम्ही गप्प.

"त्याच्याकडं काय हुतं? एक बटवा. त्यात चार औषधं, एक दोर, वेश बदलायचं सामान. त्या बटव्याच्या जिवावर त्यानं अख्खं राज्य वाचिवलं. ह्या पोराकडं बी पिशवी हाय. मी बघितलीया. पक्कड हाय, टेस्टर हाय, पाना हाय. हातात हुन्नर हाय. उपाशी ठिवील का तो तुमच्या पोरीला?"

रात्री आम्हाला झोप आली नाही. सकाळी थोरलीच्या हातावर एस.टी.चे पैसे ठेवले. लग्नाला हो म्हणायला त्यापुढंही आठ महिने घेतले, कारण आम्ही हट्टी आहोत. तिनं डी.एड. पुरं केलं, मग लग्न लागलं, त्याच विहारात. मंगल परिणय चालू असताना लाईट गेली. सगळे मंडपवाल्याला हाका मारत होते आणि आमचे जावई मात्र पाटावर बसल्या बसल्या मान वाकडी करून मीटरच्या पेटीकडं बघत होते. त्यांना कुणीतरी खाली दाबून बसवलं. पुढं त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, ते आजही चालू आहे. पण हे आम्ही त्यांची बाजू भक्कम करायला सांगत नाही. दुकान झालं नसतं तरी मुलांच्या आईचं म्हणणं तेवढंच खरं होतं.

२०१७ साली चंद्रकांता पुन्हा आली होती, तीही एकदम दोन वाहिन्यांवर दोन वेगवेगळ्या. आम्ही दोन्हींचे काही भाग बघितले. दागिने उजळ, किल्ले संगणकावर केलेले, राजकन्या स्वतः तलवार चालवणारी. ते आम्हाला बरं वाटलं. पण मुलांची आई दहा मिनिटांत उठली. "चपला कुठंय ह्यात?" म्हणाली. असेलही, आम्ही पुढं बघितलंच नाही.

तर यंदाच्या सुट्टीकडं परत येऊ. नातीच्या प्रश्नानं झोप मोडल्यावर आम्ही कपाटातनं एक जुनं पुस्तक काढलं. सेवानिवृत्त झालो तेव्हा सोलापूर स्टेशनच्या स्टॉलवर घेतलेली हिंदी 'चंद्रकांता'. घेतली आणि ठेवली, शेवट कळेल या भीतीनं उघडलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. मुलांच्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला टीव्ही बघायची मनाई. मग रोज रात्री जेवणं झाली की आम्ही वाचायला बसू. हिंदी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. इतकी वर्षं तिनं आम्हाला सांगितलं, आता आम्ही तिला. नातही मोबाईल बाजूला ठेवून येऊन बसली, पहिल्या रात्री नाइलाजानं, मग आपणहून.

आम्हाला तिच्यासारखे आवाज काढता येत नाहीत. घोडा तर अजिबात जमला नाही. तिसऱ्या रात्री तिनं काटवट मागवून घेतली आणि घोडा आपल्याकडं घेतला.

पुस्तकात एक वनकन्या आहे. रानातली अनोळखी मुलगी, वीरेंद्राला संकटात मदत करणारी, त्याच्यावर जीव असलेली. वीरेंद्र बिचारा गोंधळात. मन चंद्रकांतेवर, आणि ही कोण? आम्ही वाचत होतो आणि मुलांची आई एकदम म्हणाली, "ती चंद्रकांताच हाय." आम्ही म्हटलं, "तुला काय माहीत? मालिकेत इथपर्यंत आलंच नव्हतं." "मला म्हाईत हाय. तिलिस्मातनं ती आपली आपण बाहेर आलीया. मी थोरलीला सांगितलं न्हवतं का?" नातीनं पुढची पानं चाळायला हात घातला, आम्ही पुस्तक मागं घेतलं. शेवटाकडं आलो तेव्हा खत्रींनीही तेच लिहिलेलं निघालं. वनकन्या म्हणजे चंद्रकांताच. वीरेंद्र जिला बाहेर शोधत हिंडत होता ती त्याच्यासमोर येऊन जात होती, आणि त्याला ओळखता आलं नव्हतं. नात म्हणाली, "बघ ना आजी, एवढं प्रेम आणि ओळखलं नाही!" आजी म्हणाली, "पुरुष हाय. येळ लागतो." आणि आमच्याकडं बघितलं नाही.

बाराव्या रात्री शेवटचं पान आलं. तिलिस्म तुटला, वैर मिटलं, चंद्रकांता-वीरेंद्राचं लग्न ठरलं. वरात, हत्ती, रोषणाई. खत्रींनी हात सैल सोडून लिहिलं आहे. आम्ही सगळं रंगवून सांगितलं आणि पुस्तक मिटलं. मुलांची आई डोळ्यांवर पट्टी ठेवून पडली होती. आम्हाला वाटलं झोपली. नात दबक्या पावलांनी उठली.

"आन् चपलेचं?" अंथरुणातनं आवाज आला.

"झालं की. तेजसिंहाशीच. चंपेचंही झालं, देवीसिंहाशी."

"मग बास," ती म्हणाली आणि कूस बदलली.